वाचकांचे प्रश्न : हे प्लास्टर करायचं राहून गेलंय का?

मागच्या अंकात उघड्या काँक्रीटच्या इमारतींचे फोटो छापले आणि मेलबॉक्स भरला. निम्म्या लोकांना ते आवडले, निम्म्यांनी विचारलं की रंगीत पानं असल्या भकास गोष्टींवर का घालवता. दोन्हीकडचे प्रश्न घेतलेत, थोडे कापून.

प्रश्न : मुलगी लंडनला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मोठ्या कौतुकाने बार्बिकन दाखवायला नेलं. मला तर बांधकाम अर्धवट सोडल्यासारखं वाटलं, भिंती करड्या, खडबडीत, हात घासला तर खरचटेल अशा. जावई म्हणाले इथे साधा फ्लॅट घ्यायचा तर आयुष्याची कमाई जाईल. लोक याला एवढे पैसे का मोजतात?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, २००३ साली एका पाहणीत लंडनची सगळ्यात कुरूप इमारत म्हणून हिचाच नंबर लागला होता, आणि गंमत म्हणजे त्याच्या दोनच वर्षं आधी सरकारने तिला संरक्षित वास्तूंच्या यादीत घातलं होतं. पण अर्धवट मात्र ती नाही हो. ती खडबडीत भिंत मुद्दाम आणि चांगली खर्चिक केलेली आहे. काँक्रीट ओतलं, शटरिंग म्हणजे ओतायचा साचा उतरवलं, मग किमान २१ दिवस ते वाळू दिलं आणि त्यानंतर कामगारांनी हातात हातोडायंत्रं धरून वरचा सिमेंटचा थर फोडून काढला, आतली ग्रॅनाइटची खडी दिसेपर्यंत. चाळीसच्या वर मजल्यांचे तीन टॉवर आहेत तिथे, शिवाय लांबच लांब बिल्डिंगी, आणि हे सगळं असं हाताने ठोकलेलं, म्हणजे मजुरीचा हिशोब तुम्हीच करा. प्लास्टर स्वस्तात झालं असतं.

ती जागा मुळात रिकामी झाली ती २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात. १९५१ मध्ये त्या अख्ख्या वॉर्डात ४८ माणसं राहत होती, फक्त ४८. शहराचा मधला भाग ऑफिसं सुटली की ओस पडतो, तिथे परत माणसं राहायला आणायची म्हणून तिथल्या कॉर्पोरेशनने चेंबरलिन, पॉवेल आणि बॉन या तिघा आर्किटेक्टना काम दिलं, साठ-सत्तरच्या दशकात दोन हजारांवर फ्लॅट उभे राहिले, आणि नाट्यगृह, कॉन्सर्ट हॉल वगैरे असलेलं कलाकेंद्र उघडायला १९८२ उजाडलं. पण ही घरं बांधली कुणासाठी, तर त्या भागात काम करणाऱ्या बऱ्या पगाराच्या नोकरदारांसाठी. त्यामुळे पहिल्यापासून भाडं नीट येत गेलं, लिफ्ट चालू राहिल्या, तळं साफ राहिलं, बाल्कन्यांतून फुलं लोंबत राहिली.

आता त्याच लंडनमध्ये पॉप्लर नावाच्या भागात रॉबिन हूड गार्डन्स हे गृहसंकुल होतं. १९७२ चं, अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन या नवरा-बायकोचं, त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या आर्किटेक्टपैकी दोघं. प्रत्येक काही मजल्यांनंतर रुंद गॅलऱ्या, मुलांनी तिथे खेळावं, शेजारणींनी गप्पा माराव्यात म्हणून, मध्ये हिरवी टेकडी. पण तिथे राहत होते गरीब भाडेकरू, देखभालीला पैसा कुणी देईना, गळती सुरू झाली, मग बदनामी. संरक्षणाची मागणी सरकारने फेटाळली आणि २०१७ पासून ते पाडायला घेतलं. त्याच्या दर्शनी भागाचा एक तीन मजली तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने उचलून ठेवला, २०१८ ला व्हेनिसला नेऊन दाखवला सुद्धा, म्हणजे माणसं राहत होती तोवर नळ दुरुस्त होत नव्हता आणि पाडल्यावर तुकडा म्युझियमात! काँक्रीट वाईट म्हणून पाडलं असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, काँक्रीट दोन्हीकडे होतं, झाडू आणि प्लंबर एकीकडेच होते.

पुढच्या खेपेला गेलात की थेम्सच्या काठावरचं डेनिस लॅस्डनचं नॅशनल थिएटर पण बघा, १९७६ चं. तिथे पद्धत बरोबर उलटी आहे, काँक्रीटला नंतर कुणी हातच लावला नाही, सगळी मेहनत आधी साच्यावर. लाकडी फळ्या लावून शटरिंग केलं आणि मोदकावर साच्याच्या कळ्या उठाव्यात तशा फळ्यांच्या रेषा, गाठी, लाकडाचे तंतू सगळे भिंतीवर उठलेत. तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स १९८८ मध्ये म्हणाले होते की लंडनच्या मधोमध कुणाची हरकत न येता अणुवीज केंद्र बांधायची ही हुशार युक्ती आहे. वाक्य झकास आहे पण ते लांबून बघून सुचलेलं आहे, भिंतीजवळ जाऊन नव्हे.

प्रश्न : ढाक्याच्या संसद भवनाच्या फोटोत करड्या भिंतींवर ठरावीक अंतराने पांढऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात. ती नुसती नक्षी आहे का?
— इचलकरंजीहून एक वाचक

उत्तर : फार चांगलं निरीक्षण. त्या संगमरवराच्या पट्ट्या आहेत आणि त्या एका दिवसाचं काम कुठे संपलं ते दाखवतात. आर्किटेक्ट लुई कान. भिंती एवढ्या उंच आणि काम सगळं माणसांच्या हाताने, बांबूच्या परांच्यांवर, त्यामुळे एका दिवसात साधारण पाच फूटच काँक्रीट वर चढायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर ओतला की सांधा दिसणारच, कितीही चांगला मिस्त्री असू दे. एरवी आपण काय करतो, सांधा दिसला की प्लास्टर फासून मोकळे होतो. कानने सांध्यावरच पांढरी पट्टी बसवली आणि जे लपवायचं होतं तेच इमारतीचं रूप झालं. मला विचाराल तर अख्ख्या विसाव्या शतकातल्या काँक्रीटच्या कामात याच्याइतकी शहाणी युक्ती दुसरी नाही.

मुळात हे काम मझहरुल इस्लाम या बंगाली आर्किटेक्टकडे येत होतं, त्यांनीच कानचं नाव पुढे केलं, असा मोठेपणा आपल्या धंद्यात सहसा दिसत नाही. काम साठच्या दशकात सुरू झालं, १९७१ च्या युद्धात थांबलं, कान १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर वारले, आणि इमारत पुरी झाली १९८२ ला. ज्या देशाची संसद म्हणून आराखडा काढला तो देश वेगळा, ज्याची झाली तो वेगळा.

याच माणसाचं कॅलिफोर्नियातलं सॉल्क इन्स्टिट्यूट (१९६५, पोलिओची लस शोधणारे ते सॉल्क) बघितलंत तर तिथे सांधे उघडे ठेवलेत, शटरिंगच्या दोन पाट्या जिथे भिडतात तिथे बारीक उठाव, आणि पाट्या आवळून धरणारे बोल्ट निघाल्यावर जी भोकं उरतात त्यांत शिशाच्या गोळ्या बसवलेल्या. जपानच्या तादाओ आंदोच्या भिंतींवर पण ती भोकं दिसतात, ९० बाय १८० सेंटीमीटरच्या पाट्यांवर अगदी मोजून मापून. ती बघून आपल्याकडे आता कॅफेवाले साध्या प्लास्टरवर खोटी भोकं पाडून घेतात, आत बोल्टबिल्ट काही नाही. जाऊ दे.

प्रश्न : सर, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळी उदाहरणं बाहेरची शिकवतात, ब्राझील, बॉस्टन, बेलग्रेड. माझ्याकडे पासपोर्ट नाही आणि पैसे त्याहून नाहीत. रेल्वेने जाऊन बघता येईल असं काय आहे?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : अगं, तू नशीबवान आहेस, या बाबतीत आपला देश श्रीमंत आहे, स्लीपरचं तिकीट पुरे.

चंदीगड तर सगळे सांगतीलच, सांगायलाच हवं. फ्रेंच आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचं कॅपिटल कॉम्प्लेक्स, हायकोर्ट, २५४ मीटर लांब सचिवालय, आणि १९६२ चं विधानभवन, ज्याच्या छपरातून कूलिंग टॉवरसारखा भलामोठा आकार वर आलाय. तो त्याला अहमदाबादच्या वीज केंद्राचे कूलिंग टॉवर बघून सुचला असं सांगतात. २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आत गाइडबरोबरच सोडतात, ओळखपत्र विसरू नकोस. आणि तिथे फोटो काढत बसण्यापेक्षा भिंतीवरचे शटरिंगचे ठसे बघ, कुठे फळी सरकलीय, कुठे माल नीट बसला नाही म्हणून खडी उघडी पडलीय. घमेली डोक्यावर घेऊन रॅम्प चढणाऱ्या बायकांनी ते काँक्रीट वर नेलंय, जुन्या फोटोंत त्या दिसतात, पाटीवर नाव मात्र एकाचंच.

तिथून अहमदाबाद. कॉर्बुझिएचंच मिल ओनर्स असोसिएशनचं ऑफिस (१९५४) आहे, छोटंसं, पण माझ्या मते चंदीगडपेक्षा जास्त शिकवणारं. पश्चिमेकडच्या, रस्त्याच्या बाजूला काँक्रीटच्या उभ्या पाट्या तिरक्या लावल्यात म्हणजे दुपारनंतरचं ऊन आत येत नाही, आणि नदीच्या बाजूला त्याच पाट्या सरळ, म्हणजे साबरमतीवरचा वारा आत. दुपारी तीनला जा, घाम पुसत आत शिर, कळेल. मग बाळकृष्ण दोशींची कामं. त्यांचा जन्म पुण्याचा, १९२७ चा, शिकले मुंबईत जेजेला, मग पॅरिसला कॉर्बुझिएकडे काम, आणि २०१८ ला प्रित्झकर हा वास्तुकलेतला मानाचा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय. त्यांचा टागोर हॉल बघ, घड्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंती, इंजिनिअर महेंद्र राज. कागदाला घडी घातली की तो उभा राहतो ना, तीच यंत्रणा, वेगळे खांब कमी लागतात. भद्र किल्ल्याजवळचा प्रेमाभाई हॉल पण दोशींचाच, तो अनेक वर्षं बंद पडून होता, बाहेरून बघ.

आता खरं मला सांगायचंय ते अच्युत कानविंद्यांबद्दल. मालवणच्या वरच्या आचऱ्याचा माणूस, जन्म १९१६, जेजेत शिकले, सरकारने हार्वर्डला पाठवलं तिथे वॉल्टर ग्रोपिअस शिकवायला. परत येऊन त्यांनी प्रयोगशाळा, कॉलेजं, डेअऱ्या बांधल्या, म्हणजे ज्या इमारतींचे फोटो कुणी काढत नाही अशा. मेहसाण्याची दूधसागर डेअरी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, ती जाऊन बघच, अहमदाबादहून दोन तासांच्या आत आहे. दुधावर प्रक्रिया करताना प्रचंड उष्णता होते, ती बाहेर काढायला छपरावर काँक्रीटची धुराडी उभी केलीत रांगेने, आणि त्या रांगेमुळेच ती डेअरी लांबून एखाद्या गढीसारखी दिसते. मला जगातल्या कुठल्याही प्रसिद्ध काँक्रीट इमारतीपेक्षा ही जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथला प्रत्येक आकार दुधासाठी आहे. आयआयटी कानपूरचा कॅम्पसही त्यांचाच, काँक्रीटचा सांगाडा आणि मध्ये विटा, इमारती जोडणारे सावलीचे रस्ते, उन्हाळ्यात कानपूरला त्याची किंमत कळते. तिथल्या लायब्ररीला पहिले संचालक पु. का. केळकर यांचं नाव आहे. मुंबईत वरळीचं नेहरू सायन्स सेंटर तू शाळेच्या सहलीत बघितलं असशील, ते पण कानविंद्यांचं. आपल्याकडे शाळेच्या सहली तिथे जातात आणि आर्किटेक्टचं नाव एकाही पोराला सांगत नाहीत.

पैसे उरले तर पाँडिचेरीचं गोलकोंड. आश्रमाची राहण्याची इमारत आहे त्यामुळे आत सहज सोडत नाहीत, पण १९३७ ला सुरू झालेलं, अँटोनिन रेमंड या आर्किटेक्टचं, उघड्या काँक्रीटचं काम, म्हणजे चंदीगडच्या कितीतरी आधीचं. आपल्याकडचं बाकी सगळं त्याच्या मागून आलं हे लक्षात ठेव, परीक्षेत नाही विचारणार पण ठेव.

प्रश्न : मी १९८५ पासून दिल्लीत राहते. प्रगती मैदानावरचा तो मोठा काँक्रीटच्या जाळीचा हॉल एका रात्रीत गायब झाला. तो एवढा खास होता का, की उगाच गळा काढताहेत?
— एक वाचक, नवी दिल्ली

उत्तर : खास होता, फार. हॉल ऑफ नेशन्स, आर्किटेक्ट राज रेवाल, इंजिनिअर पुन्हा महेंद्र राज, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून भरलेल्या एशिया ७२ या प्रदर्शनासाठी बांधलेला. सत्तर मीटरच्या वर रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. असली त्रिकोणांची जाळी जगभर स्टीलच्या पाइपांची करतात, कारखान्यात कापायचे, जागेवर नटबोल्टने जोडायचे. आपल्याकडे तेव्हा स्टील महाग आणि दुर्मिळ, मजूर भरपूर, म्हणून ती जाळी काँक्रीटमध्ये जागेवरच ओतली. एकेका सांध्यात किती दिशांनी सळया येऊन भेटतात याचा विचार करा, त्यात काँक्रीट शिरवायचं, पोकळी राहू द्यायची नाही, आणि शटरिंग सगळं तिरकं. गरिबीतून आलेलं काम होतं पण त्यात लाचारी कुठे नव्हती. म्हणून तर ते जगात गाजलं.

पाडला एप्रिल २०१७ मध्ये, रात्रीतून. त्याआधी तज्ज्ञांनी पत्रं लिहिली, कोर्टात गेले, पण वारसा समितीचं म्हणणं पडलं की ६० वर्षांच्या आतली इमारत वारसा म्हणून विचारातच घेता येत नाही. हॉल ४५ वर्षांचा. या नियमाने स्वतंत्र भारताने आत्मविश्वासाने बांधलेलं जवळजवळ सगळंच तेव्हा उघड्यावर पडलं होतं, कारण साठीला पोचायच्या आत जमिनीचा भाव इमारतीच्या वर जातो. आता तिथे भारत मंडपम आहे. आणि २०२२ ला न्यूयॉर्कच्या मोमा या संग्रहालयाने दक्षिण आशियातल्या त्या काळच्या वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं त्यात हा पाडलेला हॉल मानाने होता. तुम्ही तो उभा असताना बघितलाय, ट्रेड फेअरला गेला असाल, पोरांना पापड खाऊ घातले असतील आत. जुने फोटो असतील तर जपून ठेवा.

प्रश्न : जगातली सगळ्यात कुरूप काँक्रीट इमारत कुठली? एकच नाव द्या, भाषण नको.
— डोंबिवली

उत्तर : लोकांना विचाराल तर बॉस्टनचं सिटी हॉल. १९६२ च्या स्पर्धेतून निवडलेलं डिझाइन, २५६ एंट्र्यांमधून, बांधून झालं १९६८ ला. २००६ मध्ये तिथल्या महापौरांनी ते विकून टाकायचा विचार जाहीर केला होता आणि २०२५ च्या जानेवारीत त्याच शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. मला इमारत आवडते, पुढचं विटांचं रखरखीत पटांगण नाही आवडत. झालं, भाषण नाही केलं.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर बांधतोय. आर्किटेक्ट म्हणतात बाहेरून सगळं उघडं काँक्रीट ठेवू, रंगाचा खर्च वाचेल. सासूबाई म्हणतात दोन पावसाळ्यांत काळंठिक्कर पडेल. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, निम्मं सासूबाईंचं. काळं पडणारच, ते शेवाळं आणि धूळ, पाणी जिथून ओघळतं तिथे धरतं. त्याने इमारतीला धोका काही नाही, फक्त तोंड काळं. त्यावर उपाय ड्रॉइंगमध्येच करायचा असतो, प्रत्येक छज्जाच्या आणि कठड्याच्या खालच्या कडेला खाच हवी म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता पागोळ्यांसारखं सुटून खाली पडेल. युरोपातल्या कितीतरी नावाजलेल्या इमारतींवर ही साधी खाच नव्हती म्हणून त्या रडक्या दिसतात.

खरा धोका आत आहे. ताजं काँक्रीट अल्कधर्मी, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट गुणाचं असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, ते संरक्षण कमी होत जातं, आणि तुमच्याकडे तर खारं वारं, मिठाला तेवढाही धीर नसतो. सळई गंजली की ती फुगते, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेते, आणि काँक्रीटचे तुकडे आतून ढकलून पाडते. प्लास्टर आणि रंग हे या सगळ्याला थोडं तरी अडवतात, तुम्ही ते काढून टाकताय म्हणजे ती जबाबदारी काँक्रीटवर आली. म्हणून आर्किटेक्टना दोन गोष्टी विचारा. सळईवर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, किती ठेवणार? आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या नियमावलीप्रमाणे किनारपट्टीला ४५ मिलिमीटर आणि समुद्राचे तुषार थेट येत असतील तर ५०, पण साइटवर सेंटरिंगवाला सवयीने २० चे कव्हर ब्लॉक टाकतो आणि कुणी बघत नाही. काँक्रीटची ग्रेड, म्हणजे ताकद, एम ३० च्या खाली नको. दुसरं, पाणी किती दिवस मारणार? १० दिवस तरी, जमलं तर १४, पोती टाकून. आणि खर्च वाचेल हे विसरा, चांगलं शटरिंग, नवी प्लायवूड, अनुभवी माणसं, यात रंगाचे पैसे कधीच निघून जातात, कारण इथे चूक झाकायला गिलावा नाही. एवढं सगळं करायची तयारी असेल तर करा, घर देखणं होईल. नसेल तर जांभा आहेच की तुमच्या दारात, तोही उघडाच ठेवता येतो.

शेजारी गोव्यात चार्ल्स कोरियांची कला अकादमी आहे, मांडवीच्या काठी, १९८३ ची, तिथेही २०२३ च्या पावसात दुरुस्तीचं काम चालू असताना खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. खारं वारं आणि पाऊस कुणाचं नाव बघत नाही.

प्रश्न : हे सगळं सुरू कुठून झालं, आणि तिथे जाऊन राहता येतं का?
— ठाण्याहून, ईमेलने

उत्तर : मार्सेय, दक्षिण फ्रान्स. कॉर्बुझिएची १९४७ ते ५२ मध्ये बांधलेली ती ३३७ फ्लॅटची बिल्डिंग, मध्यावर दुकानांचा मजला, गच्चीवर बालवाडी आणि मुलांसाठी उथळ तलाव. तिथले लोक तिला वेड्याचं घर म्हणायचे. युद्धानंतर स्टीलची टंचाई होती म्हणून काँक्रीट आलं, आणि कंत्राटदार इतके वेगवेगळे की एकाचं काम दुसऱ्याला जुळेना, कुठे फळी वाकडी, कुठे सांधा तोंड वासून. साहेबाने ठरवलं की लपवायचं नाही, आहे तसंच राहू दे. जगभरच्या आर्किटेक्टनी पुढची तीस वर्षं मग तेच ठरवून केलं.

राहता येतं. आतच एक हॉटेल आहे, आणि बाकीच्या फ्लॅटमध्ये लोक अजून राहतात. फ्लॅट रुंदीला चार मीटरही नाहीत पण इमारतीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार गेलेत, एका खिडकीतून डोंगर आणि दुसऱ्या खिडकीतून समुद्र. बुकिंग करताना समुद्राकडची खोली मागा, ती आधी संपते.